कानात सांगितलेलं

"...पण मंत्र तुम्हीच दिलात ना त्यांना? मग तुम्हाला ठाऊक असणारच, महाराज."

धुंडीनाथ महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिला. तुझ्या वडलांच्या, दिगूच्या कानात सांगितला."

"तेवढा मला सांगा. अण्णांच्या जिवाचा प्रश्न आहे."

सुहृद गायधनी आजवर कुणाकडे काही मागायला गेला नव्हता. माणसाची ओळख कुठल्या कंपनीच्या किंवा कचेरीच्या ताब्यात नको, ती ज्याची त्याच्याच मुठीत हवी, असं म्हणत त्याने एक यंत्रणा उभी केली होती. बँक असो की दवाखाना, मोबाइलवर आपलं गुप्त वाक्य टाकलं की सगळीकडची दारं उघडत. ते वाक्य दुसऱ्या कुणाकडेच नसे, खुद्द सुहृदकडेही नाही. याचा त्याला कोण अभिमान होता.

पहिली ओळख त्याने वडिलांचीच नोंदवली. "कुणालाही कधी सांगणार नाही असं काहीतरी ठेवा," तो म्हणाला होता.

अण्णा हसले होते. "मग महाराजांनी दिलेला मंत्र ठेवतो. तुझ्या आईलासुद्धा सांगितलेला नाही."

आता अण्णा अर्धांगवायूने दवाखान्यात पडून होते. ऑपरेशन तातडीचं होतं, आणि कुठलं औषध त्यांच्या जिवावर बेततं ते जुन्या कागदांत होतं. कागद त्या वाक्यामागे बंद. सुहृदने सगळी विद्या पणाला लावली, पण स्वतः केलेलं कुलूप त्याला उघडेना. तो आतून पार घाबरला होता.

"मंत्र माझ्यापाशी नाही," महाराज म्हणाले.

"विसरलात?"

"दिला की तो ज्याचा त्याचा. मी ठेवून घेत नाही."

"निदान अडीअडचणीला म्हणून तरी..."

"तू ठेवलंस?"

"नाही," सुहृद म्हणाला. "तोच तर नियम होता. माझाच."

"नियम चांगला आहे. मग ज्याचं त्याच्याकडे माग."

"अण्णांकडे?" सुहृदचा आवाज चढला. "त्यांना आवाजच फुटत नाही, महाराज. दिवसभर नुसते ओठ हलतात. त्याला काही अर्थ नाही म्हणाले डॉक्टर."

महाराजांचे हात थांबले.

"कधीपासून हलतात?"

"आजारी पडल्यापासून. मी समोरच असतो ना. मोबाइलवर एकेक वाक्य टाकून बघत..."

महाराज उठले. धोतराला हात पुसत जवळ आले.

आता सांगणार, असं सुहृदला वाटलं. त्याने डोळे मिटले आणि कान पुढे केला.

महाराजांनी त्याची हनुवटी धरून तोंड समोर वळवलं. मग खाली वाकून आपलाच कान त्याच्या ओठांपाशी नेला, आणि तसेच थांबले.

सुहृदला काही कळेना. ओठ हलले, पुटपुटण्यापलीकडे आवाज निघालाच नाही.

"काय बोलू, महाराज..."

महाराज सरळ झाले.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "आता जा. दिगू कधीचा सांगतोय."