पंचवर्णेला लागलेला शाप

त्रेतायुग नुकतंच उजाडलं होतं आणि ऋषींच्या शब्दाला डोंगरही मान तुकवत होते, तेव्हाची ही कथा. पयोदा नदीच्या तीरी तपोनिधी शाल्मल मुनींचा आश्रम होता. त्यांची पत्नी वेणुमती हिने एका जखमी गंधर्वाची शुश्रूषा केली. तो प्रसन्न झाला, नंदनवनातलं पंचवर्णा नावाचं रोप तिच्या ओंजळीत ठेवून म्हणाला, "माते, हिला मरण नाही. मात्र कुंपणाबाहेर जाऊ देऊ नकोस."

वेणुमतीने ती लेकीसारखी वाढवली. एकाच गुच्छात पांढरी, पिवळी, केशरी, गुलाबी, लाल फुलं! देवाला वाहिलेलं निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून ती रीतीप्रमाणे ते नदीत सोडी. फुलांसंगे पिकली फळंही वाहून जात, हे त्या माउलीच्या ध्यानी कुठून येणार?

पाऊस सरला आणि पाहावं तर दोन्ही तीर पंचवर्णेने झाकलेले! तिच्या गोड पाल्याला भुलून होमधेनू सुनंदा चरत चरत निशाचरांच्या अरण्यात शिरली, ती परतलीच नाही. आश्रमातलं तूप संपलं. पूर्वजांनी चेतवलेला अग्नी राखेखाली नुसता धुगधुगू लागला.

क्रोधाने इंगळासारखे लाल झालेले मुनी ओंजळीत पाणी घेऊन गरजले, "हे विष या पुण्यभूमीत ज्याने आणलं, तो—"

शापाचं पाणी एकदा हाती घेतलं की माघारी जात नाही; कुणाच्या तरी माथी पडतंच. वेणुमतीने धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"स्वामी, आणणारी मीच! आणि पूजेला बसल्यावर 'आज ती फुलं कुठाहेत?' असं रोज कोण विचारत होतं, तेही आठवा!"

मुनी थबकले. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू लागलं.

"मग शाप देऊ कुणाला? बोल लवकर, ओंजळ रिती होते आहे!"

वेणुमतीने फुलांकडे पाहिलं. "हिलाच द्या," ती कशीबशी म्हणाली, "पण हिला मरण नाही, स्वामी."

"मरण नसेना! पंचवर्णे, तुझ्या पानांना दुर्गंध सुटो, देवापुढे तुला ठाव न मिळो, आणि गाय तुला कधी तोंड न लावो!"

पाणी पडलं. उग्र दर्प दाटला. अरण्यातून हंबरडा फोडत सुनंदा धावत आली. मुनींचा चेहरा उजळला. वेणुमतीचा मात्र उतरला.

"स्वामी, हे काय करून बसलात? गाई खात होत्या, म्हणून ही कमरेएवढीच राहत होती. आता हिला अडवणार कोण?"

मुनींनी ओंजळीकडे पाहिलं. ती कोरडी होती.

पुढे तिचं मूळ नाव लोपलं. लोक तिला घाणेरी म्हणू लागले. देवाच्या परडीत तिला कुणी घेत नाही, अन् सारं रान तिचं आहे.