चिठ्ठ्या फाडणारी आजी

फार जुन्या काळी, माणसांची वाट नसलेल्या एका रानात हरीण राहत होते. त्या हरणाच्या कातडीत एक नगरी होती. ती इतकी लहान की अशा हजार नगऱ्या मोहरीच्या एका दाण्यावर मावल्या असत्या. तिला पेशी म्हणत.

नगरीभोवती पातळ तट होता. त्याचे नाव पेशीपटल. तटाच्या दारावर एक पहारेकरी असे. काय आत घ्यायचे आणि काय अडवायचे, एवढेच त्याला ठाऊक. आत काय चालते ते त्याने कधी पाहिले नव्हते.

एके वर्षी रान सुकले. हरणाला पोटभर चारा मिळेना. दाराशी येणारी साखर निम्म्यावर आली. तेव्हा नगरीच्या मधोमध राहणाऱ्या वृद्ध केंद्रकाने पहारेकऱ्याला बोलावले.

"सगळ्यांना पुरेल एवढं आता येत नाही," केंद्रक म्हणाला. "ज्याच्यावाचून अडणार नाही असं एक घर शोध. दिवस मावळताना त्याला तटाबाहेर जावं लागेल."

तटाबाहेर गेलेले कोणी जगत नसे. पहारेकरी चाचरत म्हणाला, "आजोबा, मला आतलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुला सांगतोय. आत तुझं सोयरंधायरं कोणी नाही."

केंद्रकापाशी एक मोठी पोथी होती. ती घराबाहेर कधी निघत नसे. लागेल तेवढा मजकूर केंद्रक चिठ्ठीवर उतरवून बाहेर पाठवी. त्या दिवशी काटा लागून तटाला चीर पडली होती, म्हणून ठिगळे बनवण्याच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या.

पहारेकरी चिठ्ठीमागे चालत रायबोसोम नावाच्या कारागिरांकडे पोचला. ते चिठ्ठी वाचून मणी ओवत होते.

"काय बनवताय?" त्याने विचारले.

"चिठ्ठीत आहे ते."

"पण ते आहे काय?"

"ते पुढच्या गल्लीत विचारा, दादा. तिथे त्याची घडी घालतात. मग गॉल्जीच्या वखारीत बांधून त्यावर पत्ता घालतात. आम्ही फक्त ओवतो."

पहारेकऱ्याचे डोके गरगरले. जो बनवतो त्यालाच माहीत नाही, हा कुठला कारभार?

पुढे तंतुकणिका भेटल्या. त्या साखर जाळून साऱ्या नगरीला ऊब आणि बळ देत. त्यांच्या प्रत्येक भट्टीजवळ एक लहानशी पोथी होती.

"पोथी तर केंद्रकाकडे असते. ही कुठली?"

"ही आमच्या माहेरची," एक तंतुकणिका म्हणाली. "आम्ही फार पूर्वी बाहेरून आलो. सासर झालं तरी माहेरचं थोडं जवळ ठेवावं."

हेही त्याला कळले नाही. पण भट्ट्यांवाचून अडेल एवढे मात्र कळले.

गल्लीच्या टोकाला एक आजी बसली होती. आलेली चिठ्ठी ती डोळ्यांशी धरी आणि शांतपणे टराटर फाडी.

"आजी, हे काय? ही तर सकाळीच लिहिलेली."

"हो. जुनी झाली."

"सकाळची चिठ्ठी दुपारी जुनी होते?"

"मला नीट सांगता येत नाही रे बाबा. हात सांगतो, मी फाडते."

पहारेकऱ्याला हायसे वाटले. इतक्या गोंधळात एवढी एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. सगळे काही ना काही घडवत होते, ही एकटी नासवत होती. त्याने आजीला दारापाशी नेऊन बसवले.

"जाते मी," आजी म्हणाली. "पण माझ्या जागेवर कोणाला तरी बसव."

"कशाला? फाडायला?" तो हसला.

दुपार कलली. तटाची चीर केव्हाच बुजली होती, तरी ठिगळे येतच राहिली. गल्ल्या तुंबल्या. साखर दारातून आत येई, पण भट्टीपर्यंत पोचेना. जी थोडी पोचे, तिचे बळ मणी ओवण्यातच संपे. एकेक भट्टी विझू लागली.

पहारेकरी कारागिरांकडे धावला. "थांबा आता."

"चिठ्ठी आहे ना, दादा. चिठ्ठी आहे तोवर ओवायचं."

तो केंद्रकाकडे धावला. "आजोबा, ठिगळं बंद करा."

"मी सकाळीच बंद केली," केंद्रक म्हणाला. "पण बाहेर गेलेली चिठ्ठी मला परत घेता येत नाही. मला फक्त लिहिता येतं. पुसायला ती म्हातारी आहे. आहे ना?"

पहारेकरी दाराकडे पळाला. सूर्य टेकला होता. आजीला बाहेर पाठवायला अजून थोडाच वेळ होता. त्याने आजीचा हात धरून तिला परत तिच्या जागेवर आणले. ती बसली आणि फाडू लागली. हळूहळू मणी ओवणे थांबले, गल्ल्या मोकळ्या झाल्या, भट्ट्या पुन्हा पेटल्या.

एक मात्र पेटली नाही. माहेरची गोष्ट सांगणारी तंतुकणिका विझली होती. निकामी झालेले मोडून टाकणारी लयकारिका आली, तिने ती भट्टी मोडली आणि तुकडे इतर भट्ट्यांना वाटून दिले. नगरीला एक घर कमी करायचे होते, ते कमी झाले. पण जायला नको होते तेच घर गेले.

त्यानंतर पहारेकरी दारावर परतला. आतले अजूनही त्याला फारसे कळत नसे. पण कोणी विचारले तर तो म्हणे, "मला कळत नाही," आणि तेवढ्यावर थांबे.

तात्पर्य: ज्याचे काम आपल्याला कळले नाही, त्याला निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये.