पाचव्या पेल्याचे गुण

एका डोंगराळ गावात कॉफी भाजून विकणारी एक बाई होती. तिचे नाव वत्सला. तिची जीभ तिखट होती आणि नाक त्याहून तिखट.

त्या गावात काळी, दाट, कडक स्टाउट बिअर बनवणारी पाच घरे होती. ही बिअर महिनोन् महिने गारव्यात मुरावी लागते, आणि गावात थंड तळघर एकच. म्हणून दरवर्षी तीन परीक्षक पाचही बिअर चाखत. ज्या घराची बिअर सरस, त्या घराला वर्षभर तळघर मिळे. सलग सहा वर्षे ते श्रीमंत हंबीररावांकडेच होते. तरुण सगुणाची बिअर पत्र्याच्या शेडमध्ये दोनदा आंबट झाली होती. यंदा ओली पोती गुंडाळून तिने एक पिंप कसेबसे वाचवले होते. आताही तळघर मिळाले नाही, तर तिचा धंदा बसणार होता.

यंदा स्टाउटमध्ये कॉफी घालायची असे ठरले, म्हणून वत्सलाला परीक्षक नेमले. पण चाचणीच्या जागी पाऊल टाकताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नावे झाकलेली होती, हे खरे. पण चार बिअर स्टीलच्या पेल्यांत आणि एक नक्षीदार काचेच्या ग्लासात! मुख्य परीक्षक बापूसाहेब ग्लासाला ओठ लावण्याआधीच "वा!" म्हणाले. लगेच शेजारी बसलेल्या तिसऱ्या परीक्षकाची, वैद्यबुवांची पेन्सिल नवाच्या आकड्याकडे वळली. वर सगळ्या बिअर बर्फात बुडवून ठेवलेल्या.

"ही चाचणी आहे की आरती?" वत्सला कडाडली. "ग्लास कोणाचा ते आंधळ्यालाही कळेल! आणि एवढ्या गार बिअरची चव काय डोंबल कळणार? गारठ्यात सगळे दोष झाकले जातात. सगळ्यांना सारखे पेले द्या, नंबर बुडाशी लिहा. बर्फ काढा. आणि गुण लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही."

"वत्सलाबाई, बिअर प्यायची की उबवायची?" बापूसाहेब हसले.

"उबवायचीच. अंड्यात काय आहे ते तेव्हाच कळतं."

जमलेले लोक तिच्या बाजूने ओरडू लागले. बापूसाहेबांना ऐकावेच लागले. पेले बदलले, त्यांची जागाही बदलली.

वत्सलाने एकेक पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि वाट पाहिली. दुसऱ्या पेल्यातून हळूहळू खरपूस कॉफीचा वास उलगडला. मग काळ्या गुळाचा गोडवा आला, शेवटी जिभेवर रेंगाळणारा नेटका कडवटपणा. ही सगुणाचीच, तिला वाटले. तिने दहापैकी नऊ गुण दिले. पाचव्या पेल्याचा फेस तपकिरी, पोत मखमली होता. पण तो कोमट होताच त्यातून चिरलेल्या ढोबळी मिरचीचा कच्चा वास आला.

तिने चार गुण लिहिले. सगळ्यांचे गुण लिहून होताच तिने मनातले बोलून टाकले.

"कच्चे दाणे घातलेत! नुसता पैसा असून काय उपयोग? असल्या माणसाला तळघराची पायरीसुद्धा उतरू देऊ नये!"

बापूसाहेबांनी पेले उलटे करून बुडाचे नंबर नावांच्या यादीशी ताडले. दुसरा हंबीररावांचा होता. पाचवा सगुणाचा.

सगुणा मान खाली घालून उभी होती. गार असताना तो वास तिलाही आला नव्हता.  वत्सलाला सगळे आठवले. पावसाळ्यातला तो दिवस, ओली लाकडे, न पेटणारी भट्टी. दुकान लवकर बंद करायचे म्हणून तिने दाणे अर्धेकच्चे उतरवले होते. बिअरमध्ये कोणाला कळणार, असे म्हणून तेच पोते सगुणाला दिले होते.

बापूसाहेब वत्सलाच्या कानाशी लागले. "पेन्सिल तुमच्याच हातात आहे. करा चाराचे नऊ. पोर बिचारी. आम्ही नाही बघितलं. मग त्या ग्लासाचं तुम्हीही विसरा."

वत्सला ताडकन उठली.

"गुण चारच!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बिअर बिघडली आहे. पण ती सगुणाने बिघडवली नाही. कच्चे दाणे मी विकले, जाणूनबुजून विकले. मघाशी ज्याची मी लायकी काढली, तो माणूस मी आहे."

गर्दीतून एक म्हातारा चिडून म्हणाला, "म्हणजे आमच्याही घरी तेच आलं?"

"आलं असेल, आजोबा. परत घेऊन या, सगळं बदलून देते." मग ती सगुणाकडे वळली. "तळघर यंदाही हंबीररावांकडेच राहील. पण माझ्या दुकानामागची दगडी खोली थंड असते. वर्षभर वापर."

सगुणाने मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते.

"खोली घेईन, काकू, मला गरज आहे. पण म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. उद्या सकाळी येते. दाणे माझ्यासमोर भाजायचे."

दुसऱ्या दिवशी वत्सलाने भट्टी पेटवली. सगुणा हाताची घडी घालून समोर बसली होती. तिने दाण्यांचे तीन घाणे परत भाजायला लावले. वत्सलाने तिन्ही वेळा मुकाट्याने भाजले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या अन्यायावर आपण जितके पेटून उठतो, तितकेच स्वतःच्या अन्यायावरही पेटून उठता आले पाहिजे, आणि तो चारचौघांत नुसता कबूल करून भागत नाही, निस्तरावाही लागतो.