वैद्यबुवांचं पागोटं

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. एका डोंगराळ राज्यात एक विचित्र रीत होती. ज्या वैद्याच्या हाताखाली रोगी दगावेल, त्याने वर्षभर पागोटं घालायचं नाही, बोडक्या डोक्यानं गावात फिरायचं. मरण जसं काही वैद्यानंच बोलावून आणलं होतं.

तिथल्या एका वैद्यबुवांचं पागोटं मात्र कधीच उतरलं नव्हतं. लोक म्हणत, बुवांच्या हाताला गुण आहे. गुण होताच, पण रोगी हाताबाहेर गेला की बुवांना परगावची कामं आठवत, हेही तितकंच खरं.

एकदा मात्र त्यांना पळता येईना. गावातली म्हातारी कासारीण आजारी पडली. बुवांच्या बायकोच्या हातात लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. तिच्या पोटात गाठ होती आणि ती बरी होण्यातली नव्हती. बुवा रोज येत, आयुष्य लांबवणारा कडू काढा भांडं भरून पाजत. वेदना शमवणारं औषध मात्र बोटाच्या टोकानं चाटवत. ते जास्त झालं तर म्हातारी झोपेतच जाईल, अशी त्यांना धास्ती.

एके सकाळी कासारणीनं सगळ्यांना बाहेर पाठवलं.

"वैद्यबुवा, आता पुरे. मला सोडवणारं काहीतरी द्या."

"आजी, ते माझ्या हातून व्हायचं नाही. जीव घेण्यासाठी मी ही विद्या शिकलो नाही."

"बरं, राहिलं." तिला धाप लागली होती. "पण मग दुखणं थांबवायचं औषध का पुरेसं देत नाही? तुम्ही मला जगवताय, की तुमचं पागोटं सांभाळताय?"

बुवांना लाज वाटली, आणि ती थोडीथोडकी नाही. त्यांनी पागोटं उतरवून खुंटीला टांगलं, तिच्या उशाशी बसले आणि सगळं खरं सांगून टाकलं. मुद्दाम मारणारं औषध ते देणार नव्हते. पण काढा नको असेल तर तो बंद, आणि वेदना थांबेल इतकं औषध सुरू. त्यात चार दिवस कमी झाले तर झाले.

मागितलं होतं ते मिळालं नाही, हे कासारणीनं तोंडावर सांगितलं. मग म्हणाली, "आधी तो काढा फेकून द्या. फार घाण लागतो."

त्या दिवसापासून तिचा डोळा लागू लागला. जाग आली की ती उन्हात बसे, शेजारच्या पोरींच्या हातात बांगड्या भरे आणि सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवी. घर पुन्हा हसतं झालं. एका दुपारी बुवांशी बोलता बोलता ती झोपली, ती उठलीच नाही.

बुवा वर्षभर बोडके फिरले. आधी लोक हसले. मग आसपासच्या गावांतले जुने दुखणेकरी निरोप धाडू लागले, की आम्हाला तो बोडका वैद्यच हवा. राजाच्या आईचा शेवट जवळ आला, तेव्हा तिनंही पागोटेवाले सगळे वैद्य परत पाठवले आणि बुवांनाच बोलावणं धाडलं.

म्हणून सांगतो, दुखणाऱ्या माणसासाठी योग्य काय हे ठरवताना आपली भीती आधी दाराबाहेर ठेवावी.