साळुंकीच्या तोंडचं नाव

एका राज्यात, ऐकताय ना, पगाराची वहीच नव्हती. कोण्या मांत्रिकाने रागाच्या भरात शाप दिला होता, म्हणून शाईचं अक्षर तिथे तीन दिवसांवर टिकत नसे. मग राजाचे चाकर लक्षात कोणी ठेवायचे? शेवंती नावाच्या साळुंकीने! दर पौर्णिमेला सूर्य उगवताना ती खजिन्याच्या कमानीवर बसायची आणि तीनशे नावं घडाघडा म्हणायची. ज्याचं नाव निघेल त्याच्या उंबऱ्यावर, तो कुठेही राहो, एक सोन्याची मोहोर पडायची. खजिन्याच्या दारात एक यक्ष बसलेला असे. त्याचा नेम पोराटोरांनाही ठाऊक होता: बिनकष्टाच्या चार मोहोरा ज्याच्या घरी गेल्या, त्याचा आवाज कायमचा गेला.

या शेवंतीला बोलतं केलं गिरजाक्काने. वीस वर्षं तिने राजवाड्यातले राघू आणि साळुंक्या पढवल्या. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, पायऱ्या चढवेनात, तेव्हा तिने राजाचा निरोप घेतला. राजाने साडीचोळी दिली. ती डोळ्यांना लावून गिरजाक्का नदीकाठच्या आपल्या गावी आली. लोकांचे राघू पढवायचे आणि चार शेर जोंधळे मिळवायचे, असा तिचा बेत होता. म्हणजे बाईची सारी भाकरी गळ्यावर.

पहिल्या पौर्णिमेला उंबऱ्यावर मोहोर पडली. "राजा मोठ्या मनाचा गं बाई! बिदागी धाडली," असं म्हणून तिने एक दुभती शेळी घेतली. दुसऱ्या पौर्णिमेला दुसरी पडली, तेव्हा मात्र बिदागी दोनदा येत नाही हे तिला उमगलं. ती मोहोर तिने पदराच्या गाठीत बांधली. तोवर गळ्यातला वरचा सूर गेलाच होता. तिसरी पडली आणि हाक अंगणापलीकडे जाईना. राघू माना वाकड्या करून नुसते बघत बसायचे.

शेजारीण म्हणाली, "आक्का, आलेली लक्ष्मी लाथाडू नये."

आक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लक्ष्मी आली की चुकून दुसऱ्याचं आलं, हे आधी विचारायला नको का?"

चौथ्या पौर्णिमेला चार दिवस उरले होते. दोन मोहोरा पदराला बांधून आणि शेळीला दावं लावून ती निघाली. शेळी कशाला, म्हणाल? अहो, पहिल्या मोहोरेची तीच तर झाली होती!

चतुर्दशीच्या सकाळी ती खजिनदार कोंडोपंतांपुढे उभी राहिली.

पंत म्हणाले, "खजिना चुकत नाही, बाई."

"चुकत नाही, तर माझा गळा का बसला?"

पंतांनी पगडी सारखी केली आणि यक्षाकडे बोट दाखवलं.

यक्ष म्हणाला, "हजार वर्षं इथे बसलोय. कोणी मागायला येतं, कोणी लुटायला येतं. तू कशाला आलीस?"

"परत करायला, महाराज. पण माझं किती आणि खजिन्याचं किती, ते कळू दे."

"मग तीन कामं कर. चूक कुठे झाली ते शोध. जे आलं ते समोर ठेव. आणि चूक पुन्हा होणार नाही असं कर. उद्या सूर्य उगवायच्या आत सगळं व्हायला हवं."

पहिल्या कामाला फार हिंडावं लागलं नाही. शेवंती कमानीवर उद्याची उजळणी करत होती. "मशालजी रावबा, परटीण ठकू, गुरूबाई गिरजा..." अगदी गिरजाक्काच्याच हेलात, जरा लांबवून, लाडाने.

"शेवंते! तुझी माया माझ्या गळ्याशी आली गं!"

साळुंकी झपकन खाली उतरली. "गुरूबाई, तुम्ही चाकरी सोडलीत हे मला कोणी सांगितलंच नाही. आणि सांगितलं असतं तरी काय? ज्या तोंडाला तुम्ही बोलतं केलंत, त्याने तुमचंच नाव टाकू?"

गिरजाक्काला रागवायचं होतं, पण डोळे भरून आले. वीस वर्षांच्या कष्टाचं एवढं चीज झालेलं कोणाला बघायला मिळतं! तिने साळुंकीला तळहातावर घेतलं आणि यक्षापुढे आली. दोन मोहोरा ठेवल्या, शेळी ठेवली. शेळीने लगेच यक्षाच्या गळ्यातली माळ खायला घेतली.

यक्षाने तागडी उचलली. पारडं खाली गेलं ते गेलंच.

"जास्त ठेवलंस," यक्ष म्हणाला. "दुसऱ्याचं ठेवून घेणाऱ्याचा गळा बसतो, तसा आपलं टाकून देणाऱ्याचाही बसतो. तुझं काय राहिलंय?"

"माझं काहीच नाही, महाराज."

"आहे!" शेवंती ओरडली. "सणाला सगळे रजा घेऊन घरी जायचे. पाखरांना दाणा कोण घालणार म्हणून गुरूबाई राहायच्या. पाडव्याला राहिल्या, नागपंचमीला राहिल्या, पोळ्याला राहिल्या..." असे तिने तीस सण मोजले, वर्षासकट. तीस दिवस म्हणजे एक महिना, आणि महिन्याची एक मोहोर.

यक्षाने पंतांकडे पाहिलं. पंत पुटपुटले, "न घेतलेल्या रजेचं द्यावं, असा नेम आहे खरा."

यक्षाने शेळीचं दावं गिरजाक्काच्या हाती दिलं आणि तागडी सरळ झाली.

राहिलं तिसरं काम. गिरजाक्काने उरलासुरला आवाज गोळा केला आणि शेवटचा धडा दिला. "शेवंते, माझं नाव विसर असं मी म्हणत नाही. पण पगाराच्या यादीत ते नको. रोज सकाळी दाणा टिपण्याआधी घे. त्याची मोहोर पडत नाही."

"तेवढंच ना?" शेवंती म्हणाली.

पौर्णिमा उजाडली. मशालजी रावबा झाला, परटीण ठकू झाली, आणि पुढे थेट माळी येसाजी आला. गिरजाक्काने घसा खाकरला. वरचा सूर जागच्या जागी होता.

यक्ष उठून उभा राहिला. हजार वर्षांत पहिल्यांदाच! "कोणी आपणहून परत करायला येईल तेव्हा सुटशील, असं मांत्रिकाने मलाही बांधून ठेवलं होतं. बाई, तुझे उपकार झाले." एवढं बोलून तो वाऱ्यात मिसळला. त्याच दिवसापासून राज्यात शाई टिकू लागली. कोंडोपंतांनी वही घातली आणि पहिल्याच पानावर कोण चाकरीत आहे, कोण कधी गेलं, हे लिहून काढलं.

पुढच्या पौर्णिमेला गिरजाक्का उंबऱ्यावर बसून होती. सूर्य वर आला. मोहोर पडली नाही, पण पंखांची फडफड झाली.

"गुरूबाई, वही आली, माझ्या याद्या सुटल्या, म्हणून आले," शेवंती म्हणाली. "पण आज मोकळ्या चोचीनेच आलेय हो."

"बाई गं," गिरजाक्का म्हणाली, "मग आत ये."

खजिन्याचं खजिन्याला गेलं, आक्काचं आक्काला मिळालं. ऐकणाऱ्यांनो, तुमचंही तुम्हाला मिळो.