आनेलीचे दोन हेझलनट

जर्मनीत एक जंगल आहे, इतकं दाट की भरदुपारीही तिथे दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटतं. फरची उंच उंच झाडं, खाली मऊ मऊ हिरवं शेवाळ आणि मधूनमधून इवलीइवली गावं. लाल कौलांची, खिडक्याखिडक्यांतून गुलाबी फुलं डोकावणारी. त्यातल्या ऊलेनबाख नावाच्या गावाच्या अगदी टोकाला, शेवटच्या घरात आनेली राहायची. ती आणि तिचे बाबा, दोघंच.

बाबा लाकडाचे पक्षी करायचे, इतके जिवंत की शेजारची मांजर फसायची. पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं. आधी चोची वाकड्या झाल्या, मग रंग चुकायला लागले. खेळण्यांच्या दुकानदाराने शेवटची टोपली तशीच परत पाठवली. घरात पाव असला तर लोणी नसायचं आणि दोन्ही असलं तर ते एकापुरतंच.

आता रविवारी शहरातली आत्या येणार होती. "योस्ट, दिसत नसताना जंगलात राहून कसं चालेल?" असं ती बाबांना म्हणाली होती. "तू माझ्याकडे चल. पोरीला लांबच्या शाळेत ठेवू, तिथेच राहील." आत्या काही वाईट नव्हती. पण आनेलीला लांबची शाळा नको होती. तिला बाबा हवे होते.

शुक्रवारी सकाळी ती निळा कटोरा घेऊन रानात ब्लूबेरी तोडायला निघाली. बाबांनी उरलंसुरलं लोणी तिच्याच पावाला लावून दिलं होतं. कटोरा काठोकाठ भरला, आनेली शेवाळावर टेकली, आता पाव खाणार तोच कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "जरा इकडे बघतेस का गं?"

फरच्या खोडावर चिकट राळेचा ओघळ आला होता आणि त्यात एक परी अडकली होती. अंगठ्याएवढी परी! पंख मोरपिशी, झगा चांदीचा आणि केसांत दवाचे चिमुकले मणी. एक पंख राळेत पुरता चिकटला होता. बिचारी ओढून ओढून दमली होती.

"ओढू नका, पंख फाटेल," आनेली हळूच म्हणाली. लाकूडकाम करणाऱ्याची मुलगी ती. बाबांच्या हाताला राळ चिकटली की ते लोणी चोळतात, हे तिने रोज पाहिलेलं. तिने पावावरचं सगळं लोणी बोटाने निपटून घेतलं आणि तो नाजूक पंख हळूहळू, हळूहळू मोकळा केला. उरला कोरडा पाव. तोही तिने परीला अर्धा दिला.

परी खाऊनपिऊन ताजीतवानी झाली. झग्याच्या घोळातून तिने दोन हेझलनट काढले. कठीण कवचाचे, मधासारख्या रंगाचे, आतून मंद लकाकणारे. "हे तुला," ती म्हणाली. "एकेक मुठीत धरून मनापासून जे मागशील ते होईल."

आनेलीचे डोळे चमकले. "माझ्या बाबांना..."

"थांब बाळ, अटी आहेत. स्वतःसाठी मागायचं नाही, स्वतःच्या घरासाठीही नाही. मागायचं ते दुसऱ्याच्या घरासाठी. आणि याबद्दल कुणाशी एक अक्षरही बोलायचं नाही. बोललीस तर आतला दाणा काळा पडेल."

आनेलीचा चेहरा उतरला. "मग त्यांचा मला काय उपयोग?"

"ते मलाही ठाऊक नाही," परी म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. एवढं बोलून ती झाडांच्या सावलीत दिसेनाशी झाली.

आनेलीच्या झग्याचा खिसा फाटका होता. तिने दोन्ही हेझलनट कटोऱ्यात, ब्लूबेरींच्या खाली दडवले. ती मनाशी म्हणाली, दोन्ही जपून ठेवू. रविवारपर्यंत परीला दया आली आणि तिने अटी बदलल्या तर?

ती रस्त्यावर आली तेव्हा जंगलात धुकं उतरलं होतं. असलं दाट की स्वतःचे बूटही दिसेनात. तिठ्यावर एक लाल मोटार उभी होती आणि तिच्याजवळ एक आजी-आजोबा भांडत होते.

हे होते कऱ्हाडचे मधुकरराव आणि शैलाताई. लग्न झाल्यापासून मधुकररावांनी बायकोला कबूल केलं होतं की एकदा तुला परदेशात मोटारीने फिरवीन. ते आता कुठे जमलं होतं. लेक रेवती टानेनब्रुन गावात राहते, तिचं बाळंतपण पंधरवड्यावर आलेलं. तोवर दोघं जंगलातल्या गावागावांतून मजेत हिंडत होते. दिसलं गाव की थांब, दिसला केक की खा. मधुकररावांना तर प्रत्येक गावातलं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघायचं असायचं. आणि आज सकाळी फोन आला, की रेवतीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्यात, जावई परगावी आहे आणि ती एकटी आहे. तेवढ्यात फोनची रेंज गेली आणि हे धुकं आलं.

"अहो, त्या शेवटच्या गावात तिसरा केक नसता खाल्ला तर आत्ता पोचलो असतो," शैलाताई म्हणाल्या.

"दोन तू खाल्लेस," मधुकरराव म्हणाले. पण तेही सारखे फोनला रेंज आली का ते बघत होते.

शैलाताई लेकीसाठी म्हणून पुण्याला क्लास लावून जर्मन शिकल्या होत्या. मोडकीतोडकी, पण काम भागण्याइतकी. त्यांनी आनेलीला विचारलं, "बाळ, टानेनब्रुनला कुठून जायचं?"

"डावीकडून, आजी. पण रस्त्याला एका बाजूला दरी आहे. धुक्यात जाऊ नका."

शैलाताई मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझी पोर मला हाका मारत असेल."

आनेलीला काय करावं सुचेना. तिने कटोरा पुढे केला. "ब्लूबेरी घ्या ना. गोड आहेत."

त्या अवस्थेतही शैलाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बारीक झालीयेस गं. घरी कोण कोण असतं?"

"बाबा. ते पक्षी करतात. म्हणजे करायचे. आता त्यांना दिसत नाही." आनेलीने विचारलं तेवढंच सांगितलं. मग तिचा हात ब्लूबेरींच्या खाली गेला. दोन्हींतला एक दिला, तर एकच उरणार. तिला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण समोरची आजी रडत होती, आणि आपलं माणूस दूर जाणार ही भीती आनेलीला पक्की माहीत होती. तिने हेझलनट मुठीत आवळला आणि मनात म्हणाली, यांना लेकीपर्यंत सुखरूप पोचू दे.

मूठ क्षणभर उबदार झाली. आणि अंथरुणाची घडी घालावी तसं धुकं डावीकडच्या रस्त्यावरून अलगद बाजूला झालं. सोनेरी ऊन पडलं, ओल्या पानापानावर रंगीत ठिणग्या नाचल्या.

"मी म्हणतच होतो, निवळेल म्हणून," मधुकरराव म्हणाले. ते असलं काही म्हणाले नव्हते.

"चला, चला लवकर." शैलाताईंनी भराभर चिवड्याचा रिकामा डबा काढला आणि ब्लूबेरी त्यात ओतल्या. टप्पकन काहीतरी पडलं. दुसरा हेझलनट.

"अरे वा," म्हणत मधुकररावांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि दाढेखाली धरला. पैजेवर सुपारी फोडणारे गृहस्थ ते.

थांबा, असं आनेलीच्या ओठांवर आलं होतं. पण एक अक्षर बोललं तर दाणा काळा. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"अहो, काढा तो तोंडातून. लहान पोरीचा खाऊ आहे," शैलाताईंनी हेझलनट काढून घेतला. मग रिकाम्या कटोऱ्याकडे बघून थबकल्या.

"आता काय? उशीर होतोय," मधुकरराव म्हणाले.

"कुणाचं भांडं रिकामं परत देतात का?" त्या मागच्या सीटवर वाकल्या. रेवतीसाठी कऱ्हाडहून आणलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. बाळंतिणीचे लाडू ते, मोजून जपलेले. त्यातले दोन कटोऱ्यात ठेवले. हेझलनट अजून त्यांच्या मुठीतच होता. त्यांनी दुसरा हात आनेलीच्या डोक्यावर ठेवला आणि आपल्याकडच्या बायका लेकराला देतात तसा आशीर्वाद दिला. "तुझ्या घरात सगळं चांगलं होऊ दे. बाबांना तुझ्या लख्ख दिसू दे गं, बाळ."

मग मूठ उघडून त्यांनी हेझलनट लाडवांशेजारी ठेवला. मोटार सुरू झाली, झाडांमधून लाल ठिपका होत गेली आणि वळणावर नाहीशी झाली.

आनेलीने कटोऱ्यात पाहिलं. हेझलनट उकलला होता. आत दाणा नव्हता, नुसता केशरी उजेड भरला होता.

ती घराकडे धावत सुटली. कटोऱ्याच्या काठावर परी येऊन बसली होती, पाय हलवत. "तू मागितलं नाहीस," ती हसून म्हणाली. "बोललीही नाहीस. दुसऱ्याच्या घरासाठी मागायचं, ही अट त्या आजींनी पाळली. मला एवढं सुचलं नव्हतं बघ."

"तुम्ही आता जाणार?" आनेलीने धापा टाकत विचारलं.

"जाते. पण दार उघड आधी."

आनेलीने दार ढकललं. बाबा कोनाड्याजवळ आत्याकडे न्यायचं सामान बांधत बसले होते. त्यांच्या समोरच परी उंच उडाली, गिरकी घेतली आणि लखकन उजेड झाला. गुलाबी, जांभळा, सोनेरी. छताला, भिंतींना, ताटल्यांना रंगांचे कवडसे चिकटले आणि हळूहळू विरून गेले. परी नव्हती.

बाबांनी डोळ्यांवर आडवा हात धरला होता. "केवढा उजेड," ते पुटपुटले. मग हात खाली घेतला. आनेलीकडे बघितलं. बघतच राहिले. गुडघ्यांवर बसून त्यांनी तिची हनुवटी वर केली.

"आनेली," ते म्हणाले, "तुझा पुढचा दात कधी पडला?"

"वसंतात, बाबा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." आनेली हसत होती आणि गालांवरून पाणीही वाहत होतं. "नवा येतोय पण. बघा."

तिने आ केला. बाबांनी तिला उचलून खिडकीशी, उन्हात नेलं आणि तो अर्धामुर्धा आलेला दात कितीतरी वेळ पाहिला.