चव आधी सांगू नये

बुडालेल्या माणसाला तहान लागते का?

भडेखोलच्या येसूने हा प्रश्न आईला विचारला, भटजींना विचारला, बंदरात नांगर टाकणाऱ्या परमुलखातल्या खलाशांनाही विचारला, असे सांगतात. आई पदर तोंडाशी धरून आत जाई. भटजी खांद्यावरचे उपरणे सारखे करीत. खलाशी होडी ढकलून निघून जात.

भडेखोल खाडीच्या तोंडाशी आहे. गावामागच्या टेकडीला समुद्राच्या बाजूने एक उभी चीर आहे, तिला चहाची घळ म्हणतात. तिथे बांबूच्या फळ्यांवर चहाच्या गोल चकत्या रचून ठेवलेल्या असतात. भाकरीएवढ्या, काळपट, पानात गुंडाळलेल्या. दुरून लोक हा चहा घ्यायला येतात. घळ सांभाळणारे भिकू तांडेल त्यांना पायरीवर अडवतात आणि आधी त्यांचे हात हुंगतात.

"दुपारी सुरमई जेवलात ना? मग आज इथंच बसा. घळ उद्या."

पाहुणे हसतात. तांडेल हसत नाहीत. हा चहा शेजाऱ्याचा वास उचलतो, मासळीचा, धुराचा, मसाल्याचा, अगदी अंगाला लावलेल्या अत्तराचाही, आणि उचललेला वास मग सोडत नाही. म्हणून तो डब्यात कोंडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, चुलीजवळ तर नाहीच. त्याला सावली हवी आणि थोडा वारा हवा. घेताना चकती हातात तोलून बघायची, कडेला नाक लावायचे. जुन्या लाकडाचा, पावसाने धुतलेल्या मातीचा वास आला तर घ्यायची. कुबट वास आला तर विकणारा कितीही गोड बोलो, खाली ठेवायची. आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने मोठी थप्पी उचलायची नाही. एकाच चकतीचा तुकडा काढायचा, प्यायचा, मग काय ते ठरवायचे.

एवढे सगळे तांडेल आपणहून सांगतात. चव कशी लागेल हे मात्र सांगत नाहीत. कुणी विचारले तर ते बोट ओठावर ठेवतात, पाहुण्याला समुद्राकडे तोंड करून बसवतात आणि येसूची गोष्ट सुरू करतात.

किल्ल्यावर तोफा होत्या त्या काळातली ही गोष्ट, म्हणे. येसूचा थोरला भाऊ बुधाजी गलबतावर खलाशी होता. घरात आई, बुधाजीची बायको आवडी आणि येसू. येसू धाकटा, तापट. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवता गिरवता त्याने एका पोराचे नाक फोडले आणि शिक्षण तिथेच संपवले. पण बुधाजीच्या शब्दाबाहेर तो नव्हता.

बुधाजी एकदा चीनच्या बाजूला जाऊन आला. येताना त्याने चहाच्या चकत्यांची एक थप्पी आणली. आवडी तेव्हा गरोदर होती. तिकडच्या कुणा म्हाताऱ्या व्यापाऱ्याने बुधाजीला सांगितले होते, की घरात मूल व्हायचे असेल तेव्हा हा चहा घ्यावा आणि त्या मुलाच्या लग्नात फोडावा. मूल वाढते तसा हाही वाढतो.

आईला त्याचे काय ठाऊक, पावसाळा तोंडावर आलेला. पावसाळ्यात जपायची प्रत्येक गोष्ट कोकणात चुलीवरच्या माळ्यावर जाते. तिने थप्पी उचलून तिथेच टांगली, सुक्या मासळीच्या शेजारी. बुधाजी घरी आला, वर बघून खो खो हसला.

"आये, ते बांगडे न्हय गे!"

त्याने चकत्या खाली काढल्या, बाहेरच्या सोप्यात वाऱ्याला ठेवल्या. एका चकतीचा तुकडा मोडून त्याने येसूला चहा करून दिला. आधी उकळते पाणी ओतून लगेच फेकले, पाने धुऊन घेतली. मग दुसरे पाणी. येसूने घोट घेतला आणि थुंकला.

"कडू जहर!"

"आत्ता कडूच लागतलो," बुधाजी म्हणाला. "तयार झालो काय घोट गिळल्यार मागसून घशात गोडी येता. ती इली काय समजायचा, पोरगी लग्नाची झाली."

"पोरगीच होतली कशावरनं?"

"माका ठावक हा."

पोरगीच झाली. आवडी बाळंतपणाला खाडीपलीकडे माहेरी गेली होती. निरोप आला तेव्हा श्रावण नुकताच लागला होता. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही, हा किनाऱ्याचा नेम. पण त्या दिवशी पाऊस उघडला होता आणि खाडी तळ्यासारखी पडून होती. पुतणीला बघायची येसूलाच घाई. बारसे आपल्या घरी व्हावे, असे त्याने मनात धरले होते. बुधाजी पाण्याकडे बघत दारात उभा होता, तेव्हा येसू हसत म्हणाला,

"चीन बघून इलंस आणि खाडीक भियालंस?"

बुधाजीनेही हसून त्याला एक टप्पल मारली. चीनचा समुद्र पाहिलेला माणूस, त्याला खाडीचे तोंड ते केवढे वाटणार! "तू घराकडे रव, च्या सांभाळ," एवढे म्हणून त्याने होडी काढली. पलीकडे तो पोचला. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन निघालाही. परतताना वारा फिरला. बंदरावरच्या बायकांनी होडी खाडीच्या तोंडाशी आलेली पाहिली, आणि मग पाहिली नाही.

एक वल्हे किनाऱ्याला लागले. माणसे लागली नाहीत.

येसू होडी घेऊन समुद्रात शिरला, गावाने त्याला ओढून आणले. तो पुन्हा शिरला, पुन्हा आणले. शेवटी त्याला माडाला बांधून ठेवले, असे सांगतात. सुटल्यावर आईने त्याला जवळ घेतले तर तो लाकडासारखा उभा राहिला. आपण काय बोललो ते त्याने तिला सांगितले नाही. तिने घरातून ते ऐकले होते, तीही कधी बोलली नाही.

मग भटजी आले. प्रेत मिळाले नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, त्याशिवाय गेलेल्याला वाट मिळत नाही. भटजी म्हणाले, "दोन पुतळे करा. एक नवऱ्याचा, एक बायकोचा."

"आणि पोरगेचो?" येसूने विचारले.

"तान्ह्या मुलाला विधी नसतो रे. बारसंही झालेलं नाही. तिचं काही करायचं नसतं."

"काहीच नाय?"

"काही नाही."

येसूने दर्भाची जुडी भटजींच्या हातातून हिसकली आणि अंगणात भिरकावली. सोप्यातल्या थप्पीवर हात ठेवून तो ओरडला, की हा चहा तयार होईपर्यंत माझ्या माणसांना मेलेली म्हणायचे नाही. ज्या दिवशी ह्यात गोडी येईल आणि प्यायला ते आलेले नसतील, त्या दिवशी मी माझ्या हाताने अग्नी देईन. तोवर जो कोणी पुतळा करील त्याचे हात तोडीन.

रागात निघालेला शब्द, पण तोच नवस झाला.

मासळी वाळवायच्या दिवसांत सगळ्या गावाला वास. येसूने थप्पी डोक्यावर घेतली आणि टेकडीवरच्या चिरेत नेऊन ठेवली. पुढे तोही तिथेच राहू लागला. मासळीला हात लावलेल्या माणसाला तो वर येऊ देत नसे. गावच सगळा मासळीवर जगणारा, त्यामुळे वर कुणी येईनासेच झाले. दर श्रावणात तो एक तुकडा मोडायचा. पहिल्या पाण्याने पाने धुऊन ते फेकायचे. दुसऱ्या पाण्यातली पहिली वाटी कड्यावरून समुद्रात ओतायची, कारण बुडालेल्याला तहान लागते का, ह्या त्याच्या प्रश्नाला कुणी नाही म्हटले नव्हते. मग एक वाटी स्वतः प्यायची आणि घशाशी हात धरून बसायचे.

कडू. दर वर्षी कडूच.

"अजून तयार नाय," असे तो खाली येऊन आईला सांगे, आणि त्याच्या तोंडावर सुटल्यासारखे काही दिसे.

लखू म्हणून त्याचा एक जुना सोबती होता, तोंडाचा फटकळ. तो वाटेत भेटला की विचारायचा, "येश्या, च्याक मुंडावळ्यो खंयच्या मुहूर्तार बांधतंस?" येसू दगड उचलायचा, लखू पळायचा. एवढेच काय ते येसूचे गावाशी बोलणे उरले होते.

वर्षे गेली. आई थकली. तिने अंथरूण धरले तेव्हा तिने चहा मागितला. येसूने आणून दिला. ती प्यायली, डोळे मिटून पडून राहिली आणि म्हणाली, "गोड लागता रे झिला. आता तेंका वाट मोकळी करून दी."

"खोटा बोलतंस," येसू म्हणाला. "पुतळे करूचे म्हणान बोलतंस."

तिने रिकामी वाटी त्याच्या हातात दिली. ती गेली. तिला अग्नी देऊन तो परत घळीत आला. त्यानंतर गावातल्या दोघातिघांनी चहा चाखला म्हणतात, आणि गोड लागतो असेच सांगितले. येसूचा एकावरही विश्वास बसला नाही. सगळ्यांना नवस ठाऊक होता, गोड म्हटले की काय होणार हे ठाऊक होते. मग त्याने कुणाला विचारणेच सोडले. गावानेही तो विषय टाकला. पुढच्या पोरांना एवढेच माहीत, की टेकडीवर एक वेडा काका राहतो आणि मासळी घेऊन तिकडे जायचे नाही.

बुधाजीची मुलगी झाली त्याच पावसाळ्यात लखूलाही मुलगी झाली होती, शेवंती. तिचे लग्न ठरले. घराघरांत केळवणे चालली होती. लखूच्या मनात काय आले कोण जाणे, तो तिला म्हणाला, "वरच्या काकाच्या पाया पडान ये." स्वतः तो अर्ध्या वाटेवर थांबला, सकाळीच जाळे ओढले होते त्याने.

शेवंती घळीत आली आणि वाकून पाया पडली. सरळ उभी राहिली तेव्हा तिचे डोके येसूच्या खांद्याला लागत होते. नवरीला रिकाम्या हाती पाठवू नये, पण घळीत दुसरे होते काय? त्याने चहा केला.

तिने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "काका, ह्यां काय? कडुनिंबाचो काढो?"

"कडू ना?" येसू म्हणाला. "कडूच आसा तो." त्याला बरे वाटले, म्हणे. किती तरी वर्षांनी कुणी त्याच्यासारखे बोलले होते.

वाटी ठेवून शेवंती निघाली. घळीच्या तोंडाशी पोचून थबकली, गळ्याला हात लावला आणि मागे वळली.

"काका, आता गोड लागता. हंय, घशात."

येसूने धावत जाऊन तिचे मनगट धरले. "कोणी शिकवल्यान तुका? बापाशीन?"

"कोण शिकवतलो? लागला तसा सांगलंय!" पोर घाबरून रडायलाच लागली. तिचा आवाज ऐकून लखू मासळीचे हात घेऊन तसाच वर धावत आला. आपण पोरीला ह्यातले अक्षरही सांगितले नाही, म्हणून त्याने खंडोबाची, समुद्राची आणि मग त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिची शपथ घेतली.

येसूने मनगट सोडले. मासळीचे हात घेऊन घळीत आलेल्या लखूला तो काहीच बोलला नाही. तेव्हा लखूला खरी भीती वाटली.

दोघे गेल्यावर येसू तोच चहा स्वतः प्यायला, घशाला हात लावून संध्याकाळपर्यंत बसला. त्याला गोडी त्या दिवशीही लागली नाही. ती त्याला जन्मात कधी लागली नाही, असे सांगतात. पण चहा तयार झाला होता. आणि खाडी रिकामी होती.

आजही भडेखोलमध्ये मुलगी झाली की बाप चहाची एक चकती आणून घळीत ठेवतो. गलबते गेली, चहा आता आसामकडून येतो, पण घळ तीच. लग्नाआधी नवरी वर येते आणि पहिला घोट तिचा असतो. तिच्यासमोर चवीचा शब्द कुणी काढत नाही. ती कडू म्हणाली तर चकती परत फळीवर जाते. पाहुण्यांनाही तोच नियम. चाखायचे, थांबायचे, आणि आपल्या तोंडाला काय लागले ते आपणच सांगायचे. दुसऱ्याने सांगितलेली चव इथे धरत नाहीत.

एवढे सांगून भिकू तांडेल वाटी पुढे करतात. पण कुणी पुढचे विचारलेच, तर तेही सांगतात.

दुसऱ्या दिवशी येसू खाली उतरला. त्याने नदीकाठचा दर्भ कापला, वाळूत बसून सकाळभर पुतळे वळले. भटजी आले, तेही आता म्हातारे झाले होते. पहिला पुतळा बुधाजीचा. दुसरा आवडीचा, तिला येसूने हिरवे लुगडे गुंडाळले होते. भटजींनी मंत्र म्हटले. मग येसूने माडाच्या सावलीतून तिसरा पुतळा उचलून आणला. तो तान्ह्या मुलाएवढा नव्हता. येसूने तो वाळूत उभा धरला, आपल्या खांद्याशी हात लावून मोजला, कमी वाटला म्हणून वर आणखी एक पेंढी बांधली, आणि पुन्हा मोजला.

"ह्याला मंत्र नाही रे माझ्याकडे," भटजी म्हणाले.

"नसांदे," येसू म्हणाला. त्याने तिला आईबापाच्या मध्ये निजवले आणि अग्नी दिला.